बाळंतविड्याची यादी

घरात लेकीचे दिवस भरत आले म्हणजे एखाद्या दुपारी आजीबाई चष्मा पुसून, कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि म्हणतात, "सांगा ग, काय काय घ्यायचे ते." मग जो तो आपापले सुचवितो. आत्याला चांदीचे वाळे द्यावयाचे असतात, मामाला पाळणा, शेजारणीला झबली-टोपडी. आणि जिच्यासाठी हे सारे चालले आहे ती लेक मात्र भिंतीशी उशीला टेकून निमूटपणे ऐकत असते. आजकाल शहरांत याच्या जोडीला एक नवी रीत आली आहे. होणारे आईबाप आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंची यादी दुकानात आधीच नोंदवून ठेवतात आणि आप्तेष्ट तीतून एकेक वस्तू निवडून तिचे मोल भरतात. ही रीत अमेरिकेकडची. शिकागो शहरातील मार्शल फील्ड या मोठ्या दुकानाने १९२४ साली लग्नाच्या भेटींसाठी अशी नोंद ठेवण्यास प्रारंभ केला असे सांगतात. पुढे ती रीत पाळण्यापर्यंत येऊन पोचली. कागद आजीचा असो की दुकानाचा, प्रश्न एकच आहे. या यादीत काय घालावे आणि काय गाळावे?

प्रश्न घरगुती दिसतो खरा. परंतु त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास नुसता हौसेचा नाही. त्याचा माग काढण्यासाठी मी आज आपणांस पुणे जिल्ह्यातील नसरापुरास नेणार आहे. मात्र निघण्यापूर्वी आपली जुनी यादी एकदा नजरेखालून घालू.

बाळंतिणीला आणि तिच्या बाळाला मिळून जो आहेर द्यावयाचा, त्याला आपण बाळंतविडा म्हणतो. तो नीट निरखून पाहिला तर त्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग बाळंतिणीचा. त्यात डिंक, खारीक, खोबरे, सुंठ, गूळ, तूप, अळीव, ओवा, बाळंतशोपा हे सारे येते. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर हे काही जिभेचे चोचले नव्हेत. बाळंतपणात रक्त गेलेल्या आणि दूध पाजणाऱ्या देहाची झीज भरून काढण्याची ती योजना होती. तिच्यासाठी लुगडे-खण, आणि शेकशेगडीची बेगमीही याच भागात. दुसरा भाग बाळाचा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, दुधासाठी बोंडले, पाळणा, त्यावर टांगावयाचे चिमणाळे, खुळखुळा. तिसरा भाग विधीचा आणि शोभेचा. वाळे, बिंदल्या, मनगट्या, करदोटा, ताईत, दृष्टमणी, काजळाची डबी, आणि बारशाच्या दिवशी वाटावयाच्या घुगऱ्या.

या यादीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक अशी की, जाणत्या बायका यादी करीत तेव्हा आरंभ बाळंतिणीपासून होई. आधी डिंक-खारीक, मग झबले, मग वाळे. दुसरी अशी की, यादीतल्या पुष्कळशा वस्तू विकत घ्यावयाच्या नसतच. बाळाचे पहिले अंगडे जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे शिवीत. नव्या कोऱ्या कापडाने बाळाला दृष्ट लागेल असे तोंडाने म्हणत. परंतु कोवळ्या कातडीला खळीचे कापड बोचते, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. दुपटे आजीच्या पातळाचे. पाळणा तर बहुधा मागून आणलेला. ज्या पाळण्यात चार मुले सुखाने वाढली तो पाळणा लाभाचा समजला जाई. म्हणजे पुष्कळशी यादी वस्तूंची नव्हतीच. कोणी पहाटे उठून शेगडी पेटवावयाची, कोणी बाळाला न्हाऊ घालावयाचे, कोणी लाडू वळावयाचे, याची ती वाटणी होती.

आता नसरापुराकडे वळू. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे चेलाडीच्या फाट्यावरून उजवीकडे वळून नसरापूर लागते. गावाशेजारी शिवगंगेच्या काठी झाडीत बाणेश्वराचे देवालय आहे. नानासाहेब पेशव्यांनी ते अठराव्या शतकाच्या मध्यास बांधविले. या गावाचे स्थान असे की पूर्वेस पुरंदर आणि पश्चिमेस राजगड, आणि आपण मधोमध उभे. या दोन किल्ल्यांवर अवघ्या सव्वाशे वर्षांच्या आत तीन बाळंतपणे अशी झाली की ज्यांच्यावर महाराष्ट्राचे भवितव्य अवलंबून होते. ऐश्वर्यात काय उणे होते? सोन्याचा पाळणा मागितला असता तर सोन्याचा मिळाला असता. आणि तरीही या तिन्ही बाळंतपणांत कमी पडली, ती वस्तू कोणत्याही बाजारात विकत मिळत नव्हती.

पहिले बाळंतपण पुरंदरावरचे. १४ मे १६५७ रोजी सईबाईसाहेबांच्या पोटी संभाजीराजे जन्मास आले. मातोश्रींची प्रकृती नाजूक. बाळाला पुरेसे दूध मिळेना. तेव्हा नसरापूरपासून काही मैलांवर असलेल्या कापूरव्होळ गावची गाड्यांच्या घरची धाराऊ ही बाई दूधआई म्हणून आणण्यात आली. कल्पना करा: एका बाजूला राजपुत्राच्या जन्माचा सोहळा, साखर वाटली जात आहे, आहेर येत आहेत, आणि दुसऱ्या बाजूला ते एवढेसे बाळ भुकेने रडत आहे. त्या क्षणी त्या साऱ्या आहेरांत मोलाचा आहेर कोणता ठरला? एका शेतकरी घरातल्या बाईने आपल्या लेकरांच्या वाट्यातले दिलेले दूध. तिचे मुलगे रायाजी व अंतोजी पुढे संभाजीराजांच्या चाकरीत होते असे सांगतात. दुधाचे नाते असे टिकले.

परंतु याच कथेची दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. धाराऊने बाळ वाचविले. आई मात्र वाचली नाही. सईबाईसाहेब ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर निवर्तल्या, तेव्हा बाळ सव्वादोन वर्षांचे होते. राजगडाच्या पायथ्याशी पाल येथे त्यांची समाधी दाखवितात. त्यांच्या दुखण्याचे नेमके कारण काय, या वादात मी शिरत नाही. मात्र बाळंतपणानंतर बाईची प्रकृती खालावत जाते आणि सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे लागलेले असतात, ही गोष्ट राजवाड्यात घडते तशीच आपल्या वाड्यातही घडते. बाळंतविड्याच्या यादीत पहिले नाव आईचे का, याचे उत्तर पालच्या त्या समाधीपाशी उभे राहिले म्हणजे मिळते.

दुसरे बाळंतपण खुद्द राजगडावरचे. २४ फेब्रुवारी १६७० रोजी सोयराबाईसाहेबांना पुत्र झाला. तेच राजाराम महाराज. मूल पालथे उपजले. भोवतालच्या मंडळींचे चेहरे उतरले, कारण हा अपशकुन समजत. तेव्हा महाराज म्हणाले की हा दिल्लीची पातशाही पालथी घालील, अशी बखरीतली आख्यायिका आहे. आपण ती लहानपणापासून पराक्रमाचे भाकीत म्हणून ऐकत आलो. मला मात्र तीत एका बापाचे शहाणपण अधिक दिसते. आतल्या खोलीत एक बाई नुकतीच जिवावरच्या प्रसंगातून सुटली आहे आणि बाहेर लोक तिच्या बाळाला अपशकुनी म्हणू पाहत आहेत. अशा वेळी एका वाक्याने त्याने ते सावट दूर केले. बाळंतिणीला द्यावयाच्या वस्तूंत अभयाचा शब्दही एक वस्तूच आहे, आणि तो फुकट मिळतो.

तिसरे बाळंतपण पुन्हा पुरंदरावरचे, आणि ते सर्वांत करुण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. राघोबादादा पेशवाईवर बसले. परंतु नाना फडणीस आदी बारभाईंनी तिला १७७४ च्या जानेवारीत पुरंदरावर नेऊन पहाऱ्यात ठेवले. मुलगा होतो की मुलगी, यावर मराठी राज्याचा डाव लागलेला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. ४० व्या दिवशी, म्हणजे २८ मे रोजी, साताऱ्याहून आलेली पेशवाईची वस्त्रे त्या तान्ह्या बाळाला देण्यात आली. इतका भारी आहेर महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्या बाळाला मिळाला असेल, असे वाटत नाही. पण तो आहेर बाळासाठी होता का? नाही. तो राज्यासाठी होता. बाळ केवळ त्याची खुंटी. गंगाबाई १७७७ साली वारली. आईबापांविना वाढलेला हा मुलगा, सवाई माधवराव, १७९५ च्या ऑक्टोबरात वाड्याच्या सज्जावरून कोसळून जखमी झाला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी गेला. जी भेट बाळाच्या अंगाला बेताची नसून देणाऱ्याच्या मनसुब्याला बेताची असते, ती कितीही भरजरी असो, तिचे ओझेच होते. आपल्या साध्या घरांतही अशी लहानसहान पेशवाईची वस्त्रे येतातच. पाहुण्यांना दिपविण्यासाठी घेतलेला, दोन महिन्यांत आखूड होणारा रेशमी अंगरखा, किंवा व्याह्यांची बरोबरी साधण्यासाठी कर्ज काढून केलेले सोने, हे त्याच जातीचे.

आता किल्ल्यांवरून उतरून साध्या घरात येऊ. बाळाच्या जन्मानंतर पाचवी, सहावी पुजण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत. त्यासाठी पूजेपाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा तेवत ठेवतात आणि बाया रात्र जागवितात. मोठी विलक्षण चाल आहे ही. सारी यादी माणसांनी भरली. एक कोरा कागद मात्र नियतीसाठी राखून ठेवला.

परंतु नेमकी पाचवी-सहावीच रात्र का? नाळ कापताना अस्वच्छ हत्यार वापरले, वा नाळेवर राख-शेण लावले, तर धनुर्वाताचे विष बाळाच्या अंगात भिनते, आणि त्याची लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्यात किंवा त्याच्या आगेमागे दिसू लागतात. बाळ दूध ओढेनासे होते, जबडा आवळतो, अंग ताठते. लोकांनी या घातवाराची नोंद बिनचूक केली होती. केवळ कारण त्यांना उमगले नव्हते. देवीला लेखणी दिली, पण सुईणीच्या हातातला विळा उकळत्या पाण्यात घातला नाही. स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, साबणाने धुतलेले हात आणि गरोदरपणी आईला टोचलेली धनुर्वाताची लस, एवढ्या चार गोष्टींनी सटवाईच्या लेखणीतली ही ओळ पुसली गेली. माता व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. शतकानुशतके ज्या रात्री आयांनी जागून काढल्या, त्यांचा शेवट असा झाला.

या दोन काळांच्या मध्ये एक मराठी मुलगी उभी आहे. आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. बारसेही होते न होते तोच पाळणा रिकामा. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही बोच तिच्या मनात राहिली. आणि स्त्रियांना संकोच न वाटता दाखविता येईल अशी स्त्री-डॉक्टरच आपल्यात नाही, हे तिने ओळखले. १८८३ साली ती एकटी समुद्रापार गेली आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने मिळविली. तिच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंतील प्रसूतिविद्या हाच होता. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात तिचे देहावसान झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तिच्या बाळंतविड्यात काय काय होते ते इतिहासाने टिपून ठेवलेले नाही. काय नव्हते, ते मात्र तिने स्वतःच आपल्या आयुष्याने लिहून ठेवले.

तिच्यामागून ते काम दुसऱ्या बायांनी उचलले. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना केली आणि परिचारिकेचे शिक्षण घेण्यास घरंदाज, विशेषतः विधवा स्त्रियांना पुढे आणले. ज्या कामाला विटाळ म्हणून नाके मुरडीत, त्याला त्यांनी विद्येचा मान मिळवून दिला. सुईणीच्या जागी शिकलेली दाई आली, ही आपल्या यादीत शंभर वर्षांत पडलेली सर्वांत मोलाची भर होय.

यादी कशी असावी याचा विचार परदेशांतही झाला. फिनलंड या थंड प्रदेशातील लहानशा देशाने १९३८ पासून गरीब मातांना सरकारी खर्चाने एक पेटी देण्यास आरंभ केला. तीत बाळाचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि देखभालीच्या वस्तू असत. आणि वस्तू काढून घेतल्या म्हणजे ती पेटीच बाळाचे बिछाने होई. १९४९ पासून ही पेटी गरीब-श्रीमंत सर्वच मातांसाठी खुली झाली. मात्र तिला एक अट होती. चौथा महिना संपण्यापूर्वी आईने डॉक्टरकडे वा प्रसूतिकेंद्रात जाऊन आपली तपासणी करून घेतली पाहिजे. पेटीचे खरे मर्म या अटीत आहे. झबल्याच्या निमित्ताने आई वैद्याच्या दारी आणली. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०१९ च्या जानेवारीत, शासकीय रुग्णालयांत व आरोग्यकेंद्रांत जन्मणाऱ्या पहिल्या बाळासाठी सुमारे दोन हजार रुपयांच्या वस्तूंचा संच देण्याची योजना सुरू केली. त्यात कपडे, लहान गादी, मच्छरदाणी, तापमापक, नखे कापावयाचे साधन, खुळखुळा या बाळाच्या वस्तूंबरोबर आईसाठी ब्लँकेटही होते. सरकारी कागदावर का होईना, जुन्या बाळंतविड्याने नवे रूप घेतले.

तर मग आपल्या घरच्या कागदावर काय लिहावे? प्रथम, काही वस्तू आदराने पण निश्चयाने गाळाव्यात. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून दुसरे काही, पाणीसुद्धा, देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणून गुटी आणि बोंडले ही देव्हाऱ्यातल्या जुन्या मूर्तींसारखी जपून ठेवावीत, वापरू नयेत. मध वर्षाच्या आत चाटवू नये. बोंडल्याची जागा घेणारी दुधाची बाटलीही आपण होऊन भेट देऊ नये. तिची आणि डब्यातल्या दुधाची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नव्हे. डोळ्यांत काजळ नको, कारण त्यात शिसे असू शकते. गळ्यात दोरा-ताईत नको, कारण तो आवळू शकतो. हौसेच्या कुंचीला मात्र कोणाचीच हरकत नाही. ती जरूर शिवावी. पण झोपेच्या वेळी काढून ठेवावी.

त्यानंतर जे लिहावयाचे ते आईपासून आरंभून लिहावे. तिच्या जेवणाचे डबे पहिले चाळीस दिवस कोण पोचविणार? रात्री दोन वाजता बाळ रडू लागले की कोण उचलून घेणार, म्हणजे तिला घटकाभर डोळा लागेल? तिला लस टोचून आणण्यास, तपासणीस, बरोबर कोण जाणार? ती उगीच रडू लागली तर "असे काय करतेस" न म्हणता तिच्याजवळ कोण बसणार? ही नावे भरून झाली, की मग मऊ जुनी दुपटी, चार झबली, धुवावयास सोपे लंगोट. आणि सर्वांत शेवटी, ऐपत असेल तर, वाळे. पाळणा मागून आणावा. मागितल्याने मान जात नाही. उलट ज्यांचा आणला त्यांचे घर आपल्या घराशी जोडले जाते.

आपल्या भाषेत विडा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. विडा देणे म्हणजे मान करणे, आणि विडा उचलणे म्हणजे अंगावर जबाबदारी घेणे. बाळंतविड्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, पण आपण पहिलाच तेवढा लक्षात ठेवला. कापूरव्होळच्या धाराऊपाशी देण्यास सोने नव्हते, रेशीम नव्हते. तिने विडा दिला नाही. तिने तो उचलला. नसरापुराच्या वाटेने कधी गेलात, तर पूर्वेचा पुरंदर आणि पश्चिमेचा राजगड यांच्याकडे पाहताना त्या बाईची आठवण करा. आणि घरी परतल्यावर आजीबाईंनी पुढे केलेल्या कागदावर, वाळे आणि झबली यांच्या आधी, आपले स्वतःचे नाव लिहा.